एकोणिसाव्या पानावरचे मास्तर

आमच्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर एचआयव्हीच्या विषाणूचं चित्र आहे. ते म्पिका या आमच्या गावात पाट्या रंगवणाऱ्या माणसाने काढलं. दवाखान्यातल्या सिस्टर कालुबांनी दिलेला फोटो मी त्याला दाखवला होता. त्यात विषाणू गोल होता, अंगावर बोंडं असलेला. पण पानावरची जागा लांबट होती, म्हणून त्याने विषाणूही लांबट केला. बोंडांचे केस केले आणि शोभेसाठी हिरवे-काळे पट्टे दिले. तीनशे प्रती छापून आल्या. दवाखान्याच्या बाकावरच्या पहिल्याच बाईने तिसरं पान उघडलं आणि म्हणाली, "अगं बाई, सुरवंट! यंदा लवकर आले का?"

आता सुरवंट म्हटल्यावर आमच्याकडे कोणाच्या अंगावर काटा येत नाही, तोंडाला पाणी सुटतं. नोव्हेंबरात जंगलातून सुरवंटांच्या टोपल्या आल्या की घरोघरी कढया चढतात. खारवून तळलेले मूठभर सुरवंट असले, तर न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, दुसरा गोळा कोणी नको म्हणत नाही. त्यामुळे "हा शरीरात शिरतो," असं मी वाचलं की बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "शिरू दे की!"

पुस्तिकेचं नाव 'साठ प्रश्न'. मजकूर माझा, पण नाव मी छापू दिलं नाही. चित्रापायी ते बरंच झालं. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झालो, आणि सिस्टर कालुबांनी मला दर मंगळवारी दवाखान्यात बसवलं. नंबर लागेपर्यंत लोकांना पुस्तिका वाचून दाखवायची, एवढंच काम. पण माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. शाळेतही जात नसे. तिसऱ्या ओळीतली मुलं फळ्यावर वाचून पास होत.

मंगळवारी न चुकता येणारा माणूस म्हणजे लँगसन जेरे. रेल्वेच्या कारखान्यातला निवृत्त फिटर. तो रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येतो असं कागदावर आहे, पण येतो मला शिव्या द्यायला. तो चिपाटाकडच्या न्गोनी जमातीचा, मी बेंबा. आमच्या पूर्वजांनी एकमेकांचे गळे कापून झाल्यावर कधीतरी ठरवलं की आता पुरे, यापुढे फक्त थट्टा. तेव्हापासून बेंबा आणि न्गोनी हे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना वाटेल ते बोलावं, आणि रागावायचं कोणीच नाही. रागावला तो मूर्ख ठरतो. न्गोनी उंदीर खातात म्हणून आम्ही त्यांना बोलतो, आम्ही माकडं खातो म्हणून ते आम्हाला.

"ऐका, ऐका," जेरे मागच्या बाकावरून ओरडायचा, "माकडखाऊ मास्तर बोलतोय! मोठ्याने वाच रे, ओठ हललेले दिसतात फक्त."

"आधी दातातली उंदराची शेपटी काढ, मग ऐकू येईल," असं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचायचं.

बाना साम्पा एका मंगळवारी आल्या त्या आजारी म्हणून नव्हे. बाना साम्पा म्हणजे साम्पाची आई; ती मुलगी लग्न होऊन न्डोलाला गेलेली. त्या स्वतः नवरा गेल्यापासून भावाकडे राहणाऱ्या, गावातल्या लग्नाळू मुलींच्या शिक्षिका. मुलीचं लग्न ठरलं की बायका तिला बंद खोलीत बसवून गाण्यांतून आणि मातीच्या रंगवलेल्या चित्रांतून संसार शिकवतात. आत काय चालतं ते पुरुषांना कळत नाही, आणि आम्ही विचारतही नाही. बाना साम्पांना पुस्तिका हवी होती. मुली आता असे प्रश्न विचारतात, म्हणाल्या, की जुन्या गाण्यांत त्यांची उत्तरं नाहीत.

पुढच्या मंगळवारी त्या पुस्तिका घेऊन आल्या. पानापानांत मक्याच्या पातीचे तुकडे खुणेला घातलेले.

"हे कोणी लिहिलंय?"

"तसं... सरकारी आहे," मी म्हणालो.

"सरकारला सांगा, एकतिसावा प्रश्न नीट नाही. 'जोडीदाराशी मोकळेपणाने बोलावे.' बोलावे म्हणजे काय? कोणत्या शब्दांत? जेवणाआधी की नंतर? माझ्या मुलींना मी नुसतं 'न्शिमा करावा' असं सांगते का? पीठ किती, पाणी किती, कधी ढवळायचं, सगळं सांगते."

मी वहीत लिहून घेतलं. मी लिहिताना त्या बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्षर ओळखलं. चित्राखालची नावं याच हातची आहेत. सरकार सापडलं."

मग दर मंगळवारी असंच. उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी आणायच्या, आणि वाचन झालं की आंब्याखालच्या बाकावर बसून एकेका प्रश्नाची साल काढायच्या. सत्तावीस वर्षं मुलींना शिकवलेल्या बाई. माझ्या वाक्यांत कुठे पाणी जास्त झालंय ते त्यांना लगेच दिसायचं. वीस प्रश्न मी पुन्हा लिहिले. हे शिकणं मला इतकं आवडू लागलं की सोमवारपासूनच मी शर्टाला इस्त्री करायला घेई.

एकोणिसाव्या पानावर आम्ही अडलो. त्या पानावर एक गोष्ट आहे. एका गावात एक मास्तर होते. बायको गेल्यावर त्यांना कळलं की हा आजार तिला होता आणि त्यांनाही आहे. ते रोज गोळी घेऊ लागले. आता त्यांच्या रक्तातला विषाणू इतका कमी झालाय की तपासणीत सापडतच नाही, आणि शरीरसंबंधातूनही तो त्यांच्यापासून कोणाला लागत नाही. ते परसात टोमॅटो लावतात.

"टोमॅटोंचं काय घेऊन बसलात?" बाना साम्पा म्हणाल्या. "यांनी हे कोणाला सांगितलं का?"

"सिस्टरला. आणि एका मित्राला."

"आणि बाईला?"

"कोणत्या बाईला?"

"असेलच की कोणी. परसभर टोमॅटो एकटा माणूस खातो होय?" त्यांनी शेंग फोडली. "मला हा माणूस आवडत नाही. जगाला साठ उत्तरं देतो, आणि स्वतःवर वेळ आली की गप्प."

ते मास्तर म्हणजे मीच. सिस्टर कालुबा मला सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या मागच्या खोलीत देतात. मित्र म्हणजे जेरे. चौदा वर्षांपूर्वी मी उभा राहू शकत नव्हतो, तेव्हा कारखान्यातली हातगाडी आणून त्याने मला तिच्यात घातलं होतं आणि वाटभर माकडांच्या ओझ्याबद्दल तक्रार करत दवाखान्यात नेलं होतं.

पुढच्या महिन्यात, शेंगांची टरफलं गोळा करता करता, बाना साम्पा सहज म्हणाव्या तसं म्हणाल्या, "माझे दादा रविवारी घरी असतात. कोणाला ताटली पाठवायची असेल तर रविवार बरा. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका."

मी सदुसष्ट वर्षांचा, त्या अठ्ठावन्न. घरी येताना मी दोनदा वाट चुकलो.

ताटली म्हणजे मागणी. एका ताटलीत पांढऱ्या मण्यांची माळ आणि एक नोट ठेवायची, वर दुसरी ताटली पालथी घालायची, फडक्यात बांधायची, आणि मध्यस्थाच्या हाती मुलीकडे पाठवायची. ताटली ठेवून घेतली तर होकार, परत आली तर नकार. नवऱ्याने स्वतः जायचं नसतं. कोणी ही रीत काढली ठाऊक नाही, पण तो माझ्यासारखाच असणार.

पण त्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. मंगळवारी मी आंब्याखाली घसा साफ केला.

"बाना साम्पा, तो एकतिसावा प्रश्न..."

"पुन्हा लिहिलात? दाखवा."

"लिहिला नाही. म्हणजे, बोलावं म्हणतो."

"आधी लिहा. तुम्ही बोललात की मला कान पुढे करावा लागतो."

त्यांनी खरंच कान पुढे केला. कानात छोटी पितळी बाळी होती. मी त्या बाळीकडे बघत म्हणालो, "शेंगा आज छान उकडल्यात."

मी जेरेकडे गेलो. मध्यस्थ तोच होणार होता. रेल्वेचा जुना कोट त्याने त्यासाठी धुवून वाळतही घातला होता.

"तूच सांग," मी म्हणालो. "ताटली ठेवण्याआधी. त्यांच्या दादांना सगळं स्पष्ट सांग."

"मी? तुला तोंड नाही?"

"माझं कागदावर चालतं."

"मग कागद दे."

"कागद दिला की त्या चुका काढतील."

तो हसला, पण मान हलवली. "बरं. सांगतो. तुझ्यासाठी माकडांच्या घरात जाऊन खरं बोलतो. माझे पूर्वज थडग्यात कूस बदलतील."

रविवारी तो कोट घालून, फडक्यातली ताटली दोन्ही हातांनी धरून, बा कटोंगोंच्या घरात शिरला. 'बा' हे आदराचं; हे बाना साम्पांचे थोरले भाऊ. चर्चमधले ज्येष्ठ, आणि हसण्याबाबत फार काटकसरी. मी कुंपणापलीकडच्या मुसुकूच्या झाडाखाली उभा राहिलो. शब्द काही ऐकू येत नव्हते. थोडा वेळ शांतता. मग हसण्याचा एक मोठा लोट आला. मग पुन्हा शांतता. पुन्हा हशा, आता मागच्या चुलीकडून बायकांचाही. तिसऱ्यांदा तर कोणाला तरी ठसका लागला आणि पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज आला.

जेरे बाहेर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते आणि चेहरा पडलेला.

"ठेवून घेतली," तो म्हणाला.

"आणि सांगितलंस?"

"तीनदा. पहिल्यांदा म्हणालो, 'हा नवरदेव म्हातारा, मुका आणि माकडखाऊ, आणि त्याला एचआयव्ही आहे.' हसले."

"अरे, पण माकडखाऊ कशाला म्हणालास?"

"सवय! दुसऱ्यांदा नुसतं आजाराचं तेवढंच म्हणालो. कटोंगो म्हणाले, 'उंदीरखाऊ जेरे, तुमच्या शिव्यांत दम असतो बुवा.' तिसऱ्यांदा उभा राहिलो, हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, 'मी थट्टा करत नाही.' मास्तर, तेव्हा तर मुंकोयोचा घोट त्यांच्या नाकातून आला. असं म्हणून आजवर कोणत्या न्गोनीने थट्टा केली नाही, सांग?"

आम्ही दोघं झाडाखाली उभे राहिलो. एवढी साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. थट्टेच्या भावाचं बोलणं धरायचं नसतं, हे आम्ही जन्मापासून पाळत आलेलो. खरं सांगायला मी नेमका असा माणूस निवडला होता, ज्याचं खरं धरायचं नाही असा चारशे मैलांत कायदा आहे.

"एक मात्र आहे," जेरे हळूच म्हणाला. "सांगितलं तर आहेच. उद्या कोणी म्हणालं, लपवलंत, तर साक्षीदार आहेत. सात जणांनी ऐकलंय."

तीन दिवस मी त्याच वाक्यावर जगलो. सकाळी टोमॅटोंना पाणी घालताना म्हणायचो, सांगितलं आहेच. रात्री आठ वाजता गोळी घेताना म्हणायचो, सांगितलं आहेच. वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं. मंगळवारी बाना साम्पा दवाखान्यात आल्या त्या लांबूनच हसत. "तुमच्या त्या जेरेंनी काय काय बाई लावलं तुमच्या नावाने! मी चुलीपाशी हसता हसता न्शिमा करपवला." मीही हसलो. घरी येऊन एकोणिसावं पान काढलं आणि वाचलं. बाना साम्पांचं बरोबर होतं. तो माणूस मलाही आवडला नाही.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बा कटोंगोंच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. हे कोणी करत नाही. लग्नाची मेजवानी होईपर्यंत नवऱ्यामुलाने सासुरवाडीच्या अंगणात पाऊल टाकायचं नसतं, आणि 'नवरामुलगा' हा शब्द या वयात मलाच लागू होता. बा कटोंगो रेडिओच्या बॅटऱ्या उन्हात तापत ठेवून शेजारी बसले होते. मला बघून अर्धवट उठले.

"बा कपेंब्वा? वाट चुकलात का?"

"ताटली परत न्यायला आलोय," मी म्हणालो.

ते पुन्हा बसले. "परत? आम्ही ठेवून घेतलीय."

"थट्टेवर ठेवून घेतलीत. जेरे म्हणाला ते खरं आहे."

"काय, तुम्ही माकडं खाता ते?"

"नाही. लहानपणी एकदा... ते नाही. दुसरं."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर हसू शोधलं. ओठांच्या कोपऱ्यांत, डोळ्यांत, सगळीकडे. मग म्हणाले, "तुम्ही बेंबा, मीही बेंबा. माझी थट्टा करायचा तुम्हाला हक्क नाही."

"थट्टा नाहीच."

"आणि तुम्हाला ती येतही नाही," ते सावकाश म्हणाले. "अख्ख्या म्पिकाला माहीत आहे." तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

मी सांगू लागलो. चौदा वर्षं, रोज एक गोळी, रक्ताची तपासणी, सगळं. माझा आवाज कुठून आला कोण जाणे. मागच्या अंगणात उखळात शेंगदाणे कुटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. बाना साम्पा घराच्या कडेने पुढे आल्या. हात कोपरापर्यंत शेंगदाण्याच्या कुटाने माखलेले.

"एकोणिसावं पान?" त्यांनी विचारलं.

"हो."

"टोमॅटो?"

"माझेच."

"गेल्या महिन्यात पिशवीभर दिलेत ते?"

"त्यातलेच. माझ्याच्याने सगळे संपत नाहीत."

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हात धुतलेले होते आणि हातात फडक्यात बांधलेल्या ताटल्या. रीतीप्रमाणे त्यांनी गुडघे टेकून त्या माझ्या हातात दिल्या. चेहरा मला वाचता आला नाही. "तुम्हाला ठरवता यावं म्हणून परत मागितली," मी म्हणालो. "पुन्हा पाठवू की नको, ते तुम्ही सांगा." त्यांनी सांगितलं नाही. मी ताटली घेऊन भर दुपारी सबंध बाजारातून घरी आलो, आणि परत आलेली ताटली कशी दिसते ते म्पिकातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

त्यानंतरच्या मंगळवारी बाना साम्पा आल्या नाहीत. पुढच्याही मंगळवारी नाही. जेरे मागच्या बाकावर गप्प बसायचा. मी वाचताना एका बाईने सुरवंटाची चौकशी केली, तर तोच तिच्यावर खेकसला, "ऐक जरा नीट! आजार आहे तो." मला ते फारच चमत्कारिक वाटलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या मंगळवारी मी बाविसाव्या प्रश्नावर असताना त्या आल्या आणि थेट सिस्टर कालुबांच्या खोलीत शिरल्या. थोड्या वेळाने सिस्टरांनी दारातून मला बोटाने बोलावलं. आत बाना साम्पा पुस्तिका मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खुणेच्या पाती आता दुप्पट झालेल्या.

"मला हे तोंडून ऐकायचंय," त्या सिस्टरांना म्हणत होत्या. "पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. यांच्या रक्तात सापडत नाही म्हणता. मग बरे झाले का?"

"नाही. आजार आहे, झोपलेला आहे. गोळी चालू आहे तोवर झोपून राहतो."

"आणि गोळी चुकली तर?"

"एखाद्या दिवशी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पण सोडायची नाही. सोडली की तो जागा होतो. म्हणून मधून मधून रक्त तपासायचं."

"यांची चुकते?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघून परवानगी घेतली. "चौदा वर्षांत मला तरी सापडलेली नाही. मी आठवण करायच्या आधीच हे येऊन बाहेर बसलेले असतात."

"एका कपातून मुंकोयो प्यायलं तर?"

"तो चौथा प्रश्न," मी म्हणालो. "काही होत नाही."

"तुम्हाला विचारलं नाही."

"काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि लग्नानंतरही तुमच्या मनात धाकधूक असेल, तर कंडोम आहेत, आणि लागण नसलेल्या माणसाने आधीच घ्यायच्या गोळ्याही आहेत. ते तुम्ही ठरवायचं."

हे अर्धा तास चाललं. मग बाना साम्पांनी बाही वर केली. "माझंही बघा. यांचं सगळं मला माहीत, आणि माझं मलाच नाही, हे बरं नव्हे." बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि आम्ही तिघं त्या पट्टीची वाट बघत बसलो. मी पायाने फरशीवर ठेका धरला होता. बाना साम्पांनी पुस्तिका उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवली, वजन म्हणून. पट्टीवर एकच रेघ उमटली; त्यांना लागण नव्हती. सिस्टरांनी तारीख घालून पुन्हा कधी यायचं ते लिहून दिलं.

आम्ही आंब्याखाली जाऊन बसलो. शेंगा नव्हत्या.

"मला वाटलं, तुम्ही घाबरलात," मी म्हणालो.

"घाबरले तर होतेच. पण एवढे दिवस आले नाही ते त्यामुळे नाही." त्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाशी चाळा करत होत्या. "जेरे बोलले तेव्हा मी हसले. पोट धरून हसले. सत्तावीस वर्षं मुलींना सांगते, या आजाराला हसू नका गं. आणि तुम्ही अंगणात आलात, तेव्हा माझं ते हसणं तिथेच कुठेतरी पडलेलं होतं. कोणत्या तोंडाने येणार?"

"सगळेच हसले. तसं हसायचंच असतं."

"ते ठीक. पण तुम्ही बाहेर झाडाखाली उभे राहून ऐकत होतात, असं जेरेंनी सांगितलं."

यावर मला खरंच काही सुचलं नाही, घरी पोचल्यावरही नाही.

"एकतिसावा प्रश्न घ्या लिहून," त्या एकदम म्हणाल्या. मी वही काढली. "लिहा. स्वतः जावे. दुपारी जावे, जेवण झाल्यावर. कोणाही थट्टेच्या भावाला पाठवू नये."

"हे पुस्तिकेत बरं दिसेल?"

"टोमॅटो दिसतात तर हेही दिसेल. आणि ते सुरवंटाचं चित्र बदलणार आहात म्हणे. बदलू नका. माझ्या मुली तेवढ्यासाठी पान उघडतात." त्या उठल्या. दोन पावलं जाऊन थांबल्या. "दादा या रविवारीही घरी आहेत."

"ताटली कोणाबरोबर पाठवू?"

"जेरेंबरोबरच. पण म्हणावं, तोंड शिवून या."

जेरेने तोंड शिवलं. रविवारी पुन्हा तो कोट, तेच फडकं, आणि ओठ असे मिटलेले की मिशी खाली आली होती. जाताना मी म्हणालो, "निदान नमस्कार तरी कर." त्याने नुसती मान हलवली. मी मुसुकूच्या झाडाखाली उभा राहिलो.

आतून काहीच येईना. मागे दर दोन मिनिटांनी हशा होता. आता घर रिकामं असावं तसं. एक कोंबडी दारातून आत गेली आणि तीही गप्पच बाहेर आली. मी पुस्तिका उघडून वाचायचा प्रयत्न केला, तीही उलटी धरली होती. अंगणात कोणीतरी पाणी मागितलं. पुन्हा शांतता. नाही म्हणायचं असेल तर माणसं अशीच गप्प बसतात, मी मनाशी म्हणालो. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मीही मला बहीण दिली नसती.

मग बा कटोंगोंचा आवाज आला. चर्चमधला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"अहो उंदीरखाऊ, तासभर झाला! मुलीकडच्या घरात येऊन शिवी नाही, थट्टा नाही, काही नाही. आमच्यात काय मयत झालीय? असं मुक्याने आणलेली ताटली आमच्या घरात ठेवून घेत नाहीत. काहीतरी बोला!"

जेरे शब्द निवडत असावा; त्याला ती सवय नाही.

"नवरदेव," तो शेवटी म्हणाला, "माकडं खातो."

"माहीत आहे!"

"आणि त्याला—"

"तेही माहीत आहे," मागच्या चुलीकडून बाना साम्पा ओरडल्या. "नवीन काही असेल तर सांगा!"

आणि मग सगळं घर हसलं. बा कटोंगोंचा ठसका, बायकांच्या किलकाऱ्या, आणि सगळ्यांवर जेरेचं ते गंजलेल्या ब्रेकसारखं हसणं. मी झाडाखाली उभा होतो. हसत होतो बहुतेक मीही, पण माझा आवाज कुंपणापलीकडे गेला नसणार.

जेरे बाहेर आला, तेव्हा त्याचे हात रिकामे होते.